तिसरी वाटी

१

काजळी दिसली की उस्ता वग्दीला कुणीतरी आपल्या तोंडावर शिवी दिल्यासारखं वाटे. नाईलकाठच्या मल्लवी गावात, गॅरेजांच्या गल्लीत, बाकीचे मेकॅनिक कोपरापर्यंत काळे होऊन हिंडत आणि त्याच हातांनी रोटीत घेवड्याची उसळ भरून खात. वग्दीच्या पॅन्टच्या मागच्या खिशात मात्र कायम एक पांढरं फडकं असे, रॉकेलात भिजवून पिळलेलं. पाना पुसायचा, बोनेट पुसायचं, चहाचा पेला पुसायचा. त्याची मुलगी इनास लहान असताना शाळेतून आली की तो आधी तिचे हात त्या फडक्यानं पुसायचा आणि मग जवळ घ्यायचा. आता ती जवळच्या मिन्या शहरातल्या इस्पितळात नर्स होती, लग्न होऊन चार वर्षं झाली होती, नवरा कुवेतला होता, मूलबाळ नव्हतं. घरात बापलेक दोघंच. "बाबांच्या मांडीवर बसायचं म्हणजे रॉकेलचा वास सहन करावा लागायचा," असं ती अजून सांगायची.

शहातानं आपली पेजो गॅरेजात ढकलत आणली तेव्हा वग्दीनं हातातलं दुसरं काम तिथंच सोडलं. सात उतारूंची ती जुनी टॅक्सी शहाताच्या बापानं नवी घेतली होती. किलोमीटरचा काटा पुन्हा पुन्हा शून्यावर येऊन शेवटी कधीतरी वाटेतच थकून थांबला होता. इनास रोज याच गाडीनं मिन्याला जायची. गाडी धूर ओकायला लागल्यापासून ती मायक्रोबसनं जात होती, आणि गेल्याच महिन्यात एक मायक्रोबस कालव्यात गेली होती. त्यातली माणसं इनासच्याच वॉर्डात आणली होती. त्या दिवसापासून ती घरी येईपर्यंत वग्दीचा जीव टांगणीला लागलेला असे.

"तिसरा सिलिंडर मेलाय, उस्ता," शहाता म्हणाला. हा तिशीतला सडपातळ माणूस, तोंडाचा पट्टा अखंड चालू. "चढावर तीन पायांचं गाढव हाकल्यासारखं वाटतं."

"तुझ्या बापानं ठेवली तशी ठेवली असतीस, तर मेला नसता."

"बापानं मला ठेवलं, तसाच मी तरी कुठे राहिलो? गाडीचं काय घेऊन बसलात!"

"हेड खोलावं लागणार. व्हॉल्व्ह जळलेत."

"खोला. फक्त लवकर द्या. इनासताई रोज विचारते, रथ कधी येणार म्हणून."

तो गेल्यावर वग्दीनं बोनेट वर केलं. इंजिनाला हात लावण्याआधी सगळं रॉकेलनं धुऊन काढायचं, ही त्याची रीत होती. ब्रश फिरवता फिरवता बोनेटच्या आतल्या बाजूला, वर्षानुवर्षांच्या चिकट थराखाली, एक तपकिरी डाग निघाला. ब्रशनं जाईना. वग्दीनं नखानं खरवडलं, रॉकेल ओतलं, फडकं जोर लावून फिरवलं. जाता जाता डागाची पाच बोटं दिसली. कुणीतरी कधीतरी बकरं कापून रक्ताचा पंजा उठवला असणार. नवी गाडी आली की लोक उठवतातच. असे कितीतरी पंजे वग्दीनं आजवर पुसले होते. इंजिनाला नजर लागत नाही, कचरा लागतो, असं तो म्हणे. फक्त हा पंजा फार लहान होता, एवढं त्याच्या मनात आलं, आणि मग तो कामाला लागला.

२

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उलटं करून बाकावर ठेवलं की त्यात चार वाट्या दिसतात. प्रत्येक वाटीच्या तळाशी दोन व्हॉल्व्ह, एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर सोडणारा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या वाटीत जशी असायला हवी तशीच काजळी होती, कडक आणि राखाडी, टोकरली की पापुद्रे उडणारी. तिसऱ्या वाटीत बोट घातल्यावर ते रुतलं. तिथली काजळी मऊ होती, डोळ्यात घालायच्या काजळासारखी. वग्दीनं बोट नाकाशी नेलं. तेल गळत असतं तर जळक्या तेलाचा वास आला असता. याला कसलाच वास नव्हता.

त्यानं व्हॉल्व्ह काढले आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यात क्रमानं खोचले. यात त्याची कधी चूक होत नसे. जो व्हॉल्व्ह ज्या जागी झिजलाय तो त्याच जागी परत गेला पाहिजे, दुसऱ्याच्या जागेवर तो कधीच नीट बसत नाही. मग पितळी ब्रशनं एकेक वाटी घासून चांदीसारखी केली. घासायची पेस्ट लावून, काठीला चिकटवलेला व्हॉल्व्ह दोन्ही तळव्यांत ताक घुसळावं तसा फिरवायला लागला. सुरुवातीला खरखर यायची, मग हळूहळू आवाज मऊ पडायचा, आणि मऊ पडला की समजायचं, बसला. तिसऱ्या वाटीचा व्हॉल्व्ह पहिल्या फेरीपासूनच मऊ वाजत होता. बरं झालं, वेळ वाचला, असं वग्दीनं स्वतःला सांगितलं.

शेवटची परीक्षा रॉकेलची. प्लग लावून चारही वाट्या काठोकाठ भरायच्या आणि वाट बघायची. व्हॉल्व्ह नीट बसले नसतील तर रॉकेल त्यांच्या कडेनं झिरपतं आणि खालच्या भोकात ओल दिसते. त्यानं वाट्या भरल्या आणि समोरच्या टपरीवर चहाला गेला. दुपारच्या अस्रच्या नमाजाची बांग झाली तशी परत आला.

तीन वाट्या भरलेल्या होत्या. तिसरी कोरडी होती.

"बसला नाही," असं पुटपुटत त्यानं खालच्या भोकात बोट घातलं. कोरडं. पांढरं फडकं आत कोंबून बाहेर काढलं, ते जसंच्या तसं पांढरं. बाक कोरडा, फरशी कोरडी. रॉकेल वाटीतून गेलं होतं, पण कुठून बाहेर आलं नव्हतं. वग्दीनं गल्लीतल्या मांजरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण रॉकेल पिणारं मांजर त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

३

"भेग असणार," तो मोठ्यानं म्हणाला, आणि हेड खांद्यावर टाकून गिरगिसकडे गेला.

गिरगिस गल्लीच्या टोकाला लेथ चालवायचा. वयानं वग्दीहून मोठा, आणि वग्दीच्या स्वच्छतेची चेष्टा करण्यातच त्याचा अर्धा दिवस जायचा. त्यानं हेडची सगळी भोकं बंद केली, आत हवेचा दाब सोडला आणि ते पाण्याच्या हौदात बुडवलं. दोघं वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही.

"भेग-बिग काही नाही," गिरगिस म्हणाला. "एवढं चांगलं जुनं हेड मी कित्येक वर्षांत बघितलं नाही. तू घासून घासून पार नवरी केलीस रे याची."

"मग रॉकेल गेलं कुठे?"

"उडून गेलं असेल. ऊन काय कमी आहे?"

"मग बाकीच्या तीन वाट्यांतलं का नाही उडालं?"

गिरगिसनं क्षणभर त्याच्याकडे निरखून पाहिलं. "वग्दी, पोरीची फार काळजी करतोस तू. त्या काळजीत तूच भरायला विसरला असशील."

हे पटण्याजोगं होतं, आणि वग्दीला पटवून घ्यायचंच होतं. त्यानं हेड परत आणलं, पुन्हा चारही वाट्या भरल्या आणि या वेळी स्टूल ओढून समोरच बसला. रॉकेल हललं नाही. गल्लीतून गाढवगाडी गेली, कुणीतरी हातोडा आपटला, टपरीवरच्या रेडिओत बातम्या सुरू झाल्या. चारही वाट्या काठोकाठ होत्या. बघितलंस ना, विसरलाच होतास, असं म्हणत तो उठला. धूळ पडू नये म्हणून त्यानं हेडवर फडकं पांघरलं आणि हात धुवायला नळाशी गेला.

हात चोळताना पाठीमागे एक आवाज झाला. तहानलेल्या माणसानं पेला तोंडाला लावून पहिला घोट घ्यावा, तसा. एकच.

वग्दी वळला तेव्हा फडकं हेडवर तसंच पसरलेलं होतं. फक्त तिसऱ्या वाटीवर ते आत ओढलं जाऊन खोलगट झालं होतं. त्याच्या डोळ्यांदेखत ते हळूच सैल झालं आणि पुन्हा सपाट झालं. नळ तसाच वाहत राहिला. बऱ्याच वेळानं त्याला तो बंद करायची आठवण झाली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी शहाता आला, कागदात गुंडाळलेले तमियाचे गरम वडे घेऊन.

"काय उस्ता, आमची पेजो कधी पाठवताय सासरी?"

"होतंय," वग्दी म्हणाला. तो तिसरी वाटी पुन्हा घासत होता. काल चांदीसारखी केलेली वाटी सकाळी काळी झालेली होती. तोच मऊ थर. इंजिन चालू नव्हतं, हेड बाकावर पडलेलं होतं, आणि तरीही काजळी धरली होती. हे शहाताला सांगावं की नाही ते त्याला ठरवता येईना.

शहातानं सवयीनं बोनेट वर केलं आणि आतल्या बाजूला हात फिरवला. मग त्याच्या तोंडाचा पट्टा थांबला.

"इथं एक ठसा होता."

"रक्ताचा? तो पुसला मी. अरे, त्यावर बोटभर वंगण चढलं होतं."

"बाहेर किती पंजे उठवले असतील अब्बांनी, सगळे रंगाखाली गेले. त्यांनी कधी पर्वा केली नाही. पण हा आतला कुणाला पुसू दिला नाही. गाडी धुतानासुद्धा इथं पाणी मारू देत नसत." शहाता बळेच हसला. "गाडी आली तेव्हा बकरं कापलं होतं. अब्बांनी माझ्या भावाला कडेवर घेऊन त्याचा हात उमटवला होता."

"तुला भाऊ आहे?"

"होता. माझ्या आधी. म्हणून तर माझं नाव शहाता, मागून आणलेला. आईनं दारोदार जाऊन माझ्यासाठी कपडे मागून आणले, या पोराला तरी नजर लागू नये म्हणून." तो बोनेटच्या चकचकीत पत्र्याकडे बघत होता. "त्याचं काय झालं ते मला विचारू नका, मी तेव्हा नव्हतो. अब्बा सांगत नसत. पण गाडी चालवताना कधीकधी मागं वळून म्हणायचे, नीट बस रे. मागची सीट मोकळी असतानासुद्धा."

गल्लीत कुणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं. वग्दीनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"शहाता, मला माहीत नव्हतं."

"जाऊ द्या उस्ता. पत्राच तर आहे." त्यानं बोनेट अलगद खाली ठेवलं, आपटलं नाही. "तमिया खा, गार होईल."

५

वग्दी घाबरला होता. त्याला ते कबूल करायला लाज वाटत होती, म्हणून तो दुप्पट जोमानं कामाला भिडला. हेड बसवायच्या आधी पिस्टनचे माथे साफ करायचे राहिले होते. पहिला, दुसरा झाला. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर काळा थर होता, आणि त्या थरात चार आडव्या रेघा होत्या. बोटं ओढावी तशा. इंजिनाच्या आत, जिथे लोखंड तापून आग असतं, तिथे कुणाची बोटं पोचणार? त्यानं स्वतःला समजावलं की व्हॉल्व्हचा एखादा कण आत घुसून घासला असेल. मग त्यानं आपली बोटं त्या रेघांवर धरून पाहिली. त्याची चार बोटं त्यात मावेनात. त्या रेघांवर दोनच बोटं बसत होती.

त्यानं त्या पुसल्या. दुसरं काय करणार होता? फडक्यावर काळं उमटलं, आणि ते फडकं त्यानं भट्टीत टाकलं. नवी गॅस्केट घातली, हेड बसवलं, बोल्ट क्रमानं आवळले, टायमिंग लावलं. किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. गल्लीतले दोन मेकॅनिक बाहेर येऊन ऐकत उभे राहिले. एवढा गोड आवाज त्या गल्लीत कुणी ऐकला नव्हता.

वग्दीनं लांब पेचकस घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पहिल्यावर व्हॉल्व्हची टिकटिक. दुसऱ्यावरही तशीच. चौथ्यावरही. त्यानं पेचकस तिसऱ्यावर टेकवला. तिथे काहीच नव्हतं. बंद पडलेल्या सिलिंडरचा आवाज त्याला माहीत होता, हा तसा नव्हता. लपाछपीत दाराआड उभं राहिलेलं पोर श्वास धरून राहतं, तशी ती शांतता होती. तो बराच वेळ कान लावून उभा राहिला. मग खूप आतून, खूप हळू, सोडलेल्या श्वासासारखं काहीतरी आलं. वग्दीनं पेचकस काढून घेतला.

गाडी घेऊन तो कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन आला. चढावर गाडी हरणासारखी गेली. गाडी परत न देण्याचं एकही कारण त्याच्याजवळ नव्हतं.

त्या दिवशी जेवताना त्यानं इनासला म्हटलं, "उद्या मी सोडतो तुला. स्कूटरवर."

"मिन्यापर्यंत? बाबा, तुमची कंबर मल्लवीच्या वेशीवरच राहील."

"मग रजा घे."

"अहो, वॉर्डात माणसं नाहीत." ती हसली, पण लगेच तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "गाडीत काही बिघाड आहे का?"

"नाही. गाडी उत्तम झालीय."

"मग शहाताच्या गाडीनं जाऊ, की मायक्रोबसनं?"

वग्दीच्या डोळ्यांपुढे कालवा आला, आणि पाण्यातून वर काढलेली ती पांढरी बस. एका पारड्यात ती होती, दुसऱ्यात रॉकेलचा एक घोट. कुठल्याही शहाण्या माणसानं जे केलं असतं तेच त्यानं केलं.

"शहाताच्या गाडीनं जा," तो म्हणाला, आणि त्यानं ताट बाजूला सारलं.

६

सकाळी गल्लीतल्या लोकांना एक नवल बघायला मिळालं. उस्ता वग्दी स्वतः बाजारातून कोंबडा घेऊन आला होता.

"अरे बघा रे!" गिरगिस ओरडला. "वग्दी रक्ताचा पंजा उठवतोय! आज नाईल उलटी वाहणार!"

"तुझं लेथ बघ तू."

शहाता मात्र हसला नाही. त्यानं बिस्मिल्ला म्हणून कोंबडा कापला. वग्दीनं आपला उजवा तळहात रक्तात बुडवला, बोनेटच्या आतल्या बाजूला, जिथे तो डाग होता बरोब्बर तिथे, दाबून धरला, आणि मनातल्या मनात म्हणाला, माझी पोर एवढी सांभाळ, बाकी मला काही नको. पत्रा गार होता. तळव्याच्या मध्यभागी मात्र कोमट लागलं.

त्यानं हात काढला. पत्र्यावर त्याचा पंजा उमटला होता, रुंद, जाड बोटांचा. पण त्याच्या ऐन मध्ये रक्त धरलंच नव्हतं. तिथे पत्रा चकचकीत राहिला होता, आणि त्या मोकळ्या जागेला पाच छोटी बोटं होती. कुणीतरी आपला हात त्याच्या हातावर आतून टेकवून धरला असावा, तशी.

शहातानंही ते पाहिलं. शहातानं बोनेट लावलं.

टॅक्सीतळावर शहाता नेहमीसारखा ओरडत होता, "मिन्या! मिन्या! एकच जागा! एकच!" वग्दी इनासला पोचवायला म्हणून मागोमाग आला होता. पुढं एक जाड बाई टोपली घेऊन बसली होती. मागच्या रांगेत तीन विद्यार्थी. मधल्या रांगेत एका दाराशी एक म्हातारा, दुसऱ्या दाराशी इनास, आणि दोघांच्या मधली जागा रिकामी. सातवा उतारू मिळेपर्यंत गाडी हलत नाही, हा त्या तळाचा नियम. जागा रिकामी ठेवून निघणं कुणालाच परवडत नाही.

"झाली भरती," शहाता एकदम म्हणाला आणि आत बसला. "चला."

"अरे, एक जागा मोकळी आहे," वग्दी म्हणाला.

"कुठे?"

"ती बघ. मधली."

शहातानं मागं वळून पाहिलं. म्हाताऱ्यानंही पाहिलं. "काय डोळे-बिळे आलेत काय, उस्ता?" म्हातारा वैतागून म्हणाला. "आधीच मुंगीला शिरायला जागा नाही, आणखी कुणाला कोंबताय?"

इनास दाराला टेकून, अंग चोरून बसली होती. खांदा एका बाजूला झुकवलेला, पर्स मांडीवर, आणि त्या मोकळ्या सीटच्या बाजूचा झग्याचा घोळ आपल्याकडे ओढून घेतलेला. कुणाच्या अंगाखाली अडकू नये म्हणून बायका घेतात तसा.

"इनास, उतर. आत्ताच्या आत्ता उतर."

"बाबा, काय हे लोकांसमोर? जागा असती तर मीच ऐसपैस बसले नसते का?" मग ती किंचित खाली वाकली आणि त्या रिकाम्या सीटकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "असा टेकून बस. हं. आता नीट बसलास."

गाडी निघाली. एवढी जुनी गाडी, पण तिचा आवाजसुद्धा आला नाही.

७

संध्याकाळ होईपर्यंत वग्दीच्या हाताला काम लागलं नाही. त्यानं इनासला फोन केला, तिनं उचलला आणि वॉर्डात गडबड आहे म्हणून लगेच ठेवला. तिचा आवाज ठीक होता. ठीकपेक्षाही जरा बरा होता. तो टॅक्सीतळाच्या भिंतीशी बसून राहिला. मिन्याकडून येणारी प्रत्येक गाडी दिसली की तो उठून उभा राहायचा, आणि मनात कालव्याचंच पाणी दिसायचं.

मग पेजो आली. धूर नाही, आवाज नाही. टोपलीवाली बाई उतरली, दुसरे उतारू उतरले, हसत-बोलत आपापल्या वाटेनं गेले. इनास उतरली. धडधाकट, अंगावर ओरखडासुद्धा नाही. वग्दीच्या तोंडून देवाचं नाव निघालं आणि डोळ्यांत पाणी आलं.

उतरल्यावर इनासनं दार लावलं नाही. ते हातानं उघडं धरून ती थांबली, खाली बघत. लहान पोराला पायरी उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबली. मग दार अलगद लावलं. शहाता स्टिअरिंग धरून सरळ पुढं बघत होता. त्यानं वग्दीकडे मान वळवली नाही.

"कुणासाठी थांबलीस?" वग्दीनं विचारलं.

"मी? कुठे थांबले?" तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "बाबा, गाडी काय सुंदर केलीत हो! सगळा रस्ता झोपल्यासारखा गेला. किती दिवसांनी मी अशी ताजीतवानी घरी येतेय."

ती घराकडे चालू लागली. ती नेहमी झपाझप चालायची, वग्दीला तिला गाठताना धाप लागायची. आज ती बारीक पावलं टाकत होती आणि गुणगुणत होती. लहानपणी तिची आई म्हणायची ते गाणं. लग्नानंतर वग्दीनं तिला गुणगुणताना ऐकलंच नव्हतं. डावा हात तिनं अंगापासून जरा दूर धरला होता, कोपरात किंचित वाकवून, बोटं अलगद मिटलेली.

दिव्याच्या खांबाखाली तिनं कुलपाची किल्ली काढायला तो हात सोडवला आणि पर्समध्ये घातला. तेव्हा वग्दीला तिचा तळहात दिसला. तळव्यावर काजळी होती. मऊ, काळी, डोळ्यात घालायच्या काजळासारखी, आणि त्यात पाच बारीक बोटांची जागा.

सवयीनं त्याचा हात मागच्या खिशात गेला. फडकं बाहेर आलं, रॉकेलचा वास आला. इनासनं तो वास ओळखला आणि वळून हसली. तिनं हात पुढे केला, लहानपणी शाळेतून आल्यावर करायची तसा.

"पुसा एकदाचं," ती म्हणाली. "त्याशिवाय तुम्ही घरात घेणार नाही मला."

वग्दी तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं त्या हाताकडे पाहिलं, आणि त्या हाताच्या शेजारी, तिच्या कमरेइतक्या उंचीवर, जिथे कुणीच नव्हतं तिथे. त्यानं फडकं घडी करून परत खिशात ठेवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "दार उघड. बाहेर गारठा आहे."